पिल्लांसाठी अंगणात तात्पुरतं ब्रूडर कसं करावं? (आईला माजघर परत हवंय)

ओतूरचा_गडी | १२ डिसेंबर, रात्री ९.४०

मंडळी, थोडी मदत हवी आहे. गेल्या महिन्यात वनराज जातीच्या कोंबडीची एक दिवसाची ५० पिल्लं आणली. वर दोन जास्तीची मिळाली, त्यातलं एक दुसऱ्याच दिवशी गेलं. म्हणजे ५१ आहेत, आज १९ दिवसांची. आत्तापर्यंत माजघरात फ्रिजच्या खोक्यात, वर १०० वॅटचा बल्ब, खाली तूस. पहिले दहा दिवस सगळ्या घराला कौतुक होतं. आता पंखांची पिसं फुटलीत, खोक्याच्या काठावर चढून बसतात आणि पिसांची पांढरी धूळ पार देव्हाऱ्यापर्यंत पोचली आहे. काल आईने आरतीचं ताट पुसता पुसता शांतपणे विचारलं, "ह्यांचा मुक्काम किती दिवस?" आई शांतपणे बोलली की आमच्याकडे सगळे घाबरतात.

पक्क्या शेडचा पाया भरून झालाय, पण गवंडी लग्नसराईत गायब आहे. पाच-सहा आठवडे तरी धरून चाला. तोवर अंगणाच्या कडेला ब्रूडर म्हणून, म्हणजे पिल्लांना उबेत ठेवायला, काहीतरी तात्पुरतं उभं करायचंय, जे नंतर मोडता येईल. खर्च तीन हजारांच्या आत. हाताशी आहेत ते टोमॅटोचे ४० प्लास्टिक क्रेट, शेडनेटचे तुकडे, बांबू, एक बरी ताडपत्री आणि एक रिकामी कांदाचाळ. रात्रीचा पारा ९-१० अंशांवर उतरतोय. शिवाय जुन्नर तालुका असल्यामुळे ऊस आहे, आणि उसात जो असतो तोही आहे.

ऊब अजून किती दिवस द्यावी लागेल? जागा केवढी लागेल? चाळ वापरू का?

---

नुस्ता_वाचक | १२ डिसेंबर, रात्री ९.५२

शीर्षक अर्धवट वाचून पाककृतीचा धागा समजून आलो होतो. सहा आठवड्यांनी परत येतो.

---

आत्याबाई | १२ डिसेंबर, रात्री १०.१५

अरे बाबा, आमच्या वेळी कसला बल्ब आणि कसलं ब्रूडर. खुडूक कोंबडी बघायची, अंड्यांवर बसवायची, एकविसाव्या दिवशी पिल्लं. पुढचं सगळं ती बघते. रात्री तिच्यासकट डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या मोठ्या टोपलीखाली, झाकायचं, डालग्यावर बारदान, बारदानावर एक चपटा दगड. सकाळी डालगं उचललं की चिवचिवाट.

तुझी मात्र तीन आठवड्यांची झाली, आता ती कुठल्या कोंबडीला देऊ नकोस. एक-दोन दिवसांची असती तर रात्री अंधारात तिच्या पोटाखाली सरकवता आली असती, सकाळी तिला आपलीच वाटतात. एवढी मोठी घेणार नाही, टोचून टोचून मारील. आणि एका कोंबडीखाली दहा-बारा मावतात, ५१ ला तुला खुडूक कोंबड्यांची पलटण लागेल.

---

कोकणचो_झिल | १२ डिसेंबर, रात्री १०.३१

आत्याबाई +१. आमच्याकडे पण कोंबीच सगळा करता. बल्ब लावलो तर कोंबीक झोप येवची नाय.

---

पशुवैद्य_मी | १३ डिसेंबर, सकाळी ७.०५

ओतूरकर, आधी गणित. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सियस लागतं, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. म्हणजे तुमच्या पिल्लांना आत्ता २९ च्या आसपास, पुढच्या आठवड्यात २६. पाच-सहा आठवड्यांत अंगभर पिसं आली की बाहेरच्या थंडीत ती स्वतःला सांभाळू शकतात, पण कोरडी असतील आणि अंगावर वारा येत नसेल तरच. ओलं पिल्लू १५ अंशांतही मरतं.

थर्मामीटर लावा, पण त्याहून जास्त पिल्लांकडे बघा. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी. बल्बपासून लांब, पंख पसरून, चोच उघडी टाकून असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने झोत येतोय. कुठेही पसरून एक पाय ताणून आडवी झाली असतील तर तुम्ही जेवायला जा.

जागा: चार आठवड्यांपर्यंत पिल्लामागे अर्धा चौरस फूट चालतो, पुढे आठ आठवड्यांपर्यंत एक चौरस फूट. ५ फूट बाय १० फूट करा, नड भागेल.

आणि लसी? सातव्या दिवशी लासोटा आणि चौदाव्या दिवशी गंबोरो झालं का? अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास लासोटाचा दुसरा डोस येईल. लस आणि जागाबदल एकाच दिवशी करू नका, दोन्हींचा ताण एकदम नको.

---

शिवारवाटा | १३ डिसेंबर, सकाळी ८.२०

चाळ रिकामी आहे म्हणता, मग प्रश्नच कुठे राहिला? वर छप्पर आहे, जमिनीपासून उंच आहे, बाजूला पट्ट्या आहेत. खाली बारदान अंथरा, तूस टाका, सोडा पिल्लं. फुकटात काम.

---

बारदान | १३ डिसेंबर, सकाळी ८.४४

शिवारवाटा, चाळ कशासाठी बांधतात? कांद्याला चारी बाजूंनी आणि खालूनही वारा लागावा म्हणून. तळाच्या फटीतून जो वारा वर येतो त्यावर कांदा सहा महिने टिकतो आणि पिल्लू एका रात्रीत आटोपतं. मी हा प्रयोग केलेला आहे. खाली दोन थर बारदान टाकलं होतं. पहाटे हात घातला तर बारदान गार दगडासारखं. वर कितीही बल्ब लावा, खालून पाय गारठतात. चाळीत घालायचीच असतील तर दोन महिन्यांची तलंगा झाल्यावर, तीही उन्हाळ्यात.

---

गिरगावकर | १३ डिसेंबर, सकाळी ९.०२

चाळीला खालून वारा आणि वर छप्पर असतं हे वाचून उर भरून आला. आमच्या चाळीत उलटं होतं. पिल्लांना पागडी किती पडेल?

---

शिवारवाटा | १३ डिसेंबर, सकाळी ९.१५

बारदान, मान्य. माझी चाळ तीन बाजूंनी भिंतींत आहे, त्यामुळे लक्षात आलं नाही.

---

ओतूरचा_गडी | १३ डिसेंबर, दुपारी १.३०

सगळ्यांचे आभार. डॉक्टर, दोन्ही लसी झाल्यात, डोळ्यांतून थेंब देऊन. दुसरा लासोटा १८ तारखेला देतो आणि हलवाहलवी त्यानंतर तीन दिवसांनी.

चाळ बाद. एक कल्पना सुचली आहे, हसू नका. क्रेटच्या भिंती. एक क्रेट पावणेदोन फूट लांब आणि फूटभर उंच. ५ बाय १० च्या चौकोनाला ३० फूट परीघ, म्हणजे एका थराला १७ क्रेट, दोन थरांना ३४. आडवे रचून आत उसाचं पाचट दाबून भरायचं, एकमेकांना सुतळीने बांधायचे. दोन फूट उंच, जाड, उबदार भिंत तयार. काम झालं की पाचट बैलांखाली अंथरायचं आणि क्रेट उन्हाळी टोमॅटोला मोकळे.

---

माळरान | १३ डिसेंबर, दुपारी १.४८

दंडवत घ्या. हे अतिशय आवडलं आहे.

---

आडत्या_नारायणगाव | १३ डिसेंबर, दुपारी ३.१०

मला नाही आवडलं. क्रेट भाजीचा आहे. सहा आठवडे त्याला कोंबडीची विष्ठा लागणार आणि मार्चमध्ये त्यातच टोमॅटो येणार, तो कुणीतरी न धुता कोशिंबिरीत चिरणार. वापरायचेच तर जुने, कान तुटलेले घ्या आणि ते कायमचे कोंबड्यांचे म्हणून बाजूला ठेवा. असे तडकलेले क्रेट मोडीच्या भावात मिळतात.

दुसरं, पाचट भरलेला क्रेट म्हणजे उंदरांना बांधून दिलेली वसाहत. खाद्य समोर, बिछाना तयार.

---

डॅलसची_वहिनी | १३ डिसेंबर, दुपारी ४.२५

आमच्याकडे अंगणात सहा कोंबड्या आहेत. आमचा शत्रू रॅकून. त्याला माणसासारखे पंजे. षटकोनी जाळीतून हात घालतो, झोपलेल्या पिल्लाची मान धरतो आणि ओढतो. पिल्लू जाळीतून येत नाही, जेवढं येतं तेवढंच नेतो. पहिल्या वर्षी मी हे सकाळी बघितलं आणि दोन दिवस जेवले नाही. तेव्हापासून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. जमिनीवर ती बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवून ठेवते, वर दगड. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटून उकरतो, त्याला जाळी लागली की नाद सोडतो. मागे सरकून तिथून उकरायची अक्कल त्याला नसते.

---

मुंगूसपीडित | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६.००

वहिनींच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन, फक्त रॅकूनच्या जागी मुंगूस वाचा.

माझी २३ पिल्लं होती, सव्वा महिन्याची. खुराड्याच्या दाराला खाली फट होती, दोन बोटं जातील एवढी. मी रोज बघायचो आणि रोज म्हणायचो, रविवारी फळी ठोकू. शनिवारी दुपारी (रात्री नाही हं, भर दुपारी, आम्ही जेवत होतो) दहा मिनिटांत २३ च्या २३. खाल्लं एकही नाही. प्रत्येकाच्या मानेवर मागून एक दात. रांगेत पडलेली. बाहेर आलो तर ते दगडावर बसून माझ्याकडे बघत होतं.

ओतूरकर, सगळं बांधून झालं की रुपयाचं नाणं घेऊन फिरा. नाणं जिथून आत जाईल तिथून घुशीचं पोरही जाईल.

---

नुस्ता_वाचक | १३ डिसेंबर, संध्याकाळी ६.२०

पाककृतीचा बेत रद्द. डोळ्यांत पाणी आलं.

---

सांगोलेकर | १३ डिसेंबर, रात्री ८.४५

मुंगसाचं झालं, आता आगीचं ऐका. पाचट, तूस, बारदान, ताडपत्री आणि मधे तापलेला बल्ब. ही होळीची यादी आहे. आमच्या शेजारच्या वस्तीवर बल्ब नुसत्या वायरीवर टांगला होता. पिल्लू उडालं, धक्का लागला, होल्डरची पकड सैल, बल्ब तुसात. तूस ज्वाळा करून जळत नाही, धुमसत राहतं. घरच्यांना वास आला तोवर निम्मी पिल्लं धुराने गेलेली होती.

बल्ब वायरीला नव्हे, साखळीला टांगा. दुसरी आधाराची तार वेगळ्या खिळ्याला. बल्बभोवती जाळीची टोपली, आणि पाचटापासून दीड हात लांब. पाण्याचं भांडं बल्बखाली नको. तापलेल्या काचेवर थेंब उडाला तर बल्ब फुटतो.

कोळशाची शेगडी मात्र बंद जागेत कुणाचंही ऐकून ठेवू नका. तो धूर दिसत नाही, वास येत नाही, आणि पिल्लांसोबत बघायला गेलेला माणूसही जातो.

---

ओतूरचा_गडी | १३ डिसेंबर, रात्री ९.३०

१०० वॅटचा पिवळा बल्ब आता मिळतच नाही हो. गावातल्या दुकानदाराने ९ वॅटचा एलईडी हातात ठेवला. म्हणाला, "ह्यावर वॉर्म व्हाइट लिहिलंय, गरमच असणार."

---

गिरगावकर | १३ डिसेंबर, रात्री ९.३३

खिक्क!

---

बारदान | १३ डिसेंबर, रात्री ९.५०

जुन्या हार्डवेअरच्या दुकानात विचारा, माळ्यावर ठेवलेले असतात. नाहीतर कोंबडी खाद्याच्या दुकानात इन्फ्रारेडचा लाल बल्ब मिळेल. तो २५० वॅटचा असतो, तुम्हाला ५१ पिल्लांना जास्तच होईल, उंच टांगा. साधा हिशोब पिल्लामागे दोन वॅट. १०० चा एक लावण्यापेक्षा ६० चे दोन लावा, एक उडाला तरी दुसरा असतो.

---

रानवारा | १४ डिसेंबर, सकाळी ७.४०

सगळे मुंगूस-घूस करताय, बिबट्याचं कोणी बोलेना. जुन्नरला राहून पिल्लं अंगणात ठेवणार?

---

शिवारवाटा | १४ डिसेंबर, सकाळी ८.०५

बिबट्याला सव्वाशे ग्रॅमच्या पिल्लात काय रस? त्याला कुत्रं हवं, शेळी हवी.

---

रानवारा | १४ डिसेंबर, सकाळी ८.१२

कोंबड्याही नेतो. आमच्या वस्तीवरच्या नेल्यात.

---

शिवारवाटा | १४ डिसेंबर, सकाळी ८.१६

कोंबड्यांसाठी आला की कोंबड्यांजवळ झोपलेल्या कुत्र्यासाठी?

---

रानवारा | १४ डिसेंबर, सकाळी ८.२१

हे त्याला विचारलं नाही, तुम्ही माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात जाऊन विचारून या.

(यानंतरचे अकरा प्रतिसाद बिबट्या, ऊस, दिवसा वीज आणि वनखातं यावर झाले. ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. इथे पिल्लांवर बोला. – संपादक)

---

ओतूरचा_गडी | २१ डिसेंबर, रात्री ८.००

झालं एकदाचं! आज सकाळी पाहुणे नव्या घरी गेले. सविस्तर लिहितो.

घराच्या पूर्वेच्या भिंतीला लागून जागा धरली, सकाळचं ऊन येतं आणि पश्चिमेचा वारा घराने अडतो. आधी चार इंच मुरूम टाकून धुमसाने चोपला, म्हणजे दव-पाणी आत येणार नाही. आडत्यांचं ऐकून तुटके क्रेट घेतले, ३४ मिळाले. पाचट भरण्याआधी प्रत्येक क्रेटला आतून खताच्या गोणीचा तुकडा लावला, उंदराला सरळ शिरता येऊ नये म्हणून. दोन थर, सुतळी नाही, बाइंडिंग तार. एका कोपऱ्यात दोन क्रेट सुटे ठेवलेत, तेच दार. काढले की मी आडवा होऊन आत जातो. बायको म्हणते, तिथेच राहिलात तरी चालेल.

क्रेटच्या वर चारी बाजूंना अर्धा इंची जाळी, पुढे साडेचार फुटांपर्यंत, मागे चारपर्यंत. तीच जाळी खाली बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी, वर पायाचे उरलेले दगड. छताला बांबू आणि ताडपत्री, उतार मागे. जाळीवरून ताडपत्रीचे पडदे रात्री खालपर्यंत सोडतो, दिवसा गुंडाळतो. आत तीन इंच भाताचं तूस. ६० वॅटचे दोन बल्ब, सांगोलेकरांच्या साखळीवर.

खर्च: जाळी १७००, बल्ब-साखळी ४००, क्रेट ३४०, तूस आणण्याचं भाडं २००, तार-खिळे शंभर. २७४० झाले. नाणं घेऊन फिरलो, तीन ठिकाणी गेलं, तिन्ही बुजवली.

पिल्लांनी पहिला तासभर एका कोपऱ्यात सभा भरवली. मग एकाला तुसात मुंगी सापडली आणि सगळ्यांना नवीन घर पटलं. आईने माजघर दोनदा शेणाने सारवलं. आता संध्याकाळी पदरात कणी घेऊन तीच ब्रूडरजवळ बसलेली असते.

---

पशुवैद्य_मी | २१ डिसेंबर, रात्री ९.१०

काम फार नेटकं झालंय. एक गोष्ट लगेच बदला. पडदे खालपर्यंत सोडू नका. उलट करा: क्रेटच्या वरचा फूटभर भाग झाका, छताजवळची वीतभर जागा कायम उघडी ठेवा, कितीही थंडी असो. पिल्लांच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेचा अमोनिया वरून निघून गेला पाहिजे. सगळं गच्च बंद केलं की सकाळी ताडपत्रीतून टपटप पाणी पडतं, तूस ओलं होतं, आणि ओल्या तुसात रक्ती हगवण. हे वय तिचंच आहे.

उद्या पहाटे पडदे उघडायच्या आधी आत वाका आणि नाक पिल्लांच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडतेय. उभं राहून वास घेऊ नका, तुम्ही पाच फुटांवर श्वास घेता, ती पाच इंचांवर.

---

ओतूरचा_गडी | २२ डिसेंबर, सकाळी ६.५०

चुरचुरले. आणि टपटप पण झालं. ताडपत्रीखाली शेडनेट ताणून बांधतोय, थेंब त्यावर अडतील. वर वीतभर उघडं ठेवलं. ओलं तूस काढून टाकलं, रोज दाताळ्याने खालीवर करीन.

---

नवखी_शेतकरीण | २२ डिसेंबर, सकाळी १०.३०

हा धागा वाचनखुणेत. एक भाबडा प्रश्न, एवढा सगळा खटाटोप करण्यापेक्षा मोठे पक्षीच का आणत नाहीत?

---

बारदान | २२ डिसेंबर, सकाळी ११.१५

भाबडा नाही, बरोबर आहे. पहिल्यांदाच करणाऱ्याने आठ-दहा आठवड्यांची तलंगाच घ्यावीत. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत २५ माद्या आणि ३ नर असा तलंगा गट ५० टक्के अनुदानावर मिळत आला आहे, पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारा. १०० पिल्लांचाही गट असतो. पिल्लू स्वस्त दिसतं, पण पहिल्या दोन महिन्यांतली मरतूक, बल्ब आणि आपली झोप धरली तर फरक फारसा उरत नाही.

---

आत्याबाई | २२ डिसेंबर, सकाळी ११.४०

पण तलंगा आणली तर आईचं कणी घेऊन बसणं कुठून येणार, बारदानराव?

---

ओतूरचा_गडी | २८ डिसेंबर, सकाळी ९.१५

चार गेली.

रात्री अडीचच्या सुमारास लाईट गेली. मला साडेपाचला जाग आली. बाहेर गेलो तर आतून काहीच आवाज नाही. बॅटरी मारली. सगळी दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात, एकावर एक, दीड फूट ढीग. वरची जिवंत, खालची चार चपटी झालेली. अंगावर कुठे जखम नाही. थंडीने मेली नाहीत, त्यांच्याच भावंडांखाली गुदमरली. एक अजून गरम होतं.

आई काही बोलली नाही. चौघांना पेरूखाली पुरलं. मला वाटलं होतं पस्तीस दिवसांची आहेत, आता धोका टळला. काय चुकलं?

---

सांगोलेकर | २८ डिसेंबर, सकाळी ९.३०

वाईट वाटलं. पहिल्या वर्षी सगळ्यांचं होतं हे.

---

पशुवैद्य_मी | २८ डिसेंबर, सकाळी १०.००

ओतूरकर, बल्ब गेला हे निमित्त. कोपरा हे कारण. अंधार झाला आणि गारठा आला की ती एकमेकांना ढकलत राहतात, आणि चौकोनी जागेत ढकलण्याचा शेवट कोपऱ्यात होतो. म्हणून पिल्लांचं कुंपण नेहमी गोल करतात. गोलात ढीग लागायला जागा नसते, ती कडेने सरकत राहतात. आजच्या आज चारही कोपऱ्यांत पत्रा किंवा जाड पुठ्ठा वळवून उभा करा. मी २१ तारखेला हे लिहायला हवं होतं. पडद्यांवर बोललो आणि कोपरे राहून गेले.

---

मुंगूसपीडित | २८ डिसेंबर, सकाळी १०.२०

लाईटसाठी सोय: पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये उकळतं नव्हे, हात लावता येईल असं गरम पाणी, वर बारदान गुंडाळून दोन-तीन कॅन रात्री आत ठेवा. पहाटेपर्यंत कोमट राहतात.

---

आत्याबाई | २८ डिसेंबर, सकाळी ११.०५

लेकरा, मी काय सांगते ऐक. तुझं ब्रूडर साडेचार फूट उंच आहे. दोन बल्ब लावून तू ऊब कुणाला देतोस? छताला. ऊब वर जाते आणि वरच्या फटीतून निघून जाते, पिल्लं खाली तशीच. फट बंद करू नकोस, डॉक्टर बरोबर बोलतात.

कोंबडी काय करते? ती खोली गरम करत नाही. पिल्लांच्या पाठीला पोट टेकवते. डालगं पण तेच करत होतं, छत एवढं बुटकं की पिल्लांचीच ऊब पिल्लांना. तू आतमध्ये डालगी ठेव. कडेने एका बाजूला विटेवर उचलून, म्हणजे येता-जाता येईल. वर बारदान. बघ रात्री कुठे झोपतात ते.

---

पशुवैद्य_मी | २८ डिसेंबर, सकाळी ११.२०

आत्याबाई, नमस्कार स्वीकारावा. ब्रूडरवर जी छत्री लावतात तिचं काम अगदी हेच. फक्त ओतूरकर, डालगी तीन-चार ठेवा, एकात सगळी शिरली तर पुन्हा तेच. आणि विणीतून हवा जाऊ द्या, बारदान एकेरी.

---

ओतूरचा_गडी | २८ डिसेंबर, रात्री १०.४५

बाजारात बांबूचं डालगं ३५० सांगितलं, चार परवडली नाहीत. आईने माळ्यावरून दोन काढली, आजीच्या वेळची, एकाचा तळ फुटका. घरचे चांगले क्रेट धुऊन ठेवले होते, त्यातले दोन उपडे टाकले आणि समोरून बारदानाच्या चिंध्या सोडल्या, पडद्यासारख्या. कोपरे पुठ्ठ्याने गोल केले. दहा वाजता बघितलं: डालग्यांत दाटी, क्रेटखाली थोडी, आठ-दहा उनाड बाहेर बल्बखाली. एकाने चिंध्यांतून तोंड काढून बघितलं आणि परत आत गेलं.

---

आडत्या_नारायणगाव | २८ डिसेंबर, रात्री ११.००

चांगले क्रेट पण गेले का शेवटी कोंबड्यांना.

---

ओतूरचा_गडी | १५ जानेवारी, सकाळी ८.३०

संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या. धागा वर काढतोय कारण काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

४७ आहेत, २८ तारखेनंतर एकही गेलं नाही. चार जानेवारीला एक बल्ब काढला, आठला दुसरा. त्यानंतर दोनदा रात्री लाईट गेली, आम्हाला सकाळी घड्याळ बघून कळलं. डालग्यांत आता सगळी मावत नाहीत, पण आपापल्या जागा ठरल्यात. सात आठवडे झाले, अठरा-एकोणीस तुरे लालसर दिसतायत, म्हणजे नर अंदाजापेक्षा कमी निघाले. मुंगूस एकदा येऊन जाळीभोवती फेरी मारून गेलं, कुत्रा भुंकला, संपलं. बिबट्याबद्दल लिहीत नाही, संपादक रागावतात.

मूळ प्रश्नाचं उत्तर मलाच द्यायचं झालं तर: ५ बाय १० पुरलं, क्रेटच्या भिंतीने वारा पूर्ण अडवला, बल्ब बाहेर आणल्यावर अडीच आठवडे लागला. पुन्हा केलं तर गोल करीन आणि छत एवढं उंच ठेवणार नाही. साडेचार फूट मी माझ्या कमरेसाठी ठेवले होते.

गवंडी परवा आला. म्हणाला, शेडची आता घाई दिसत नाही तुम्हाला.

---

नुस्ता_वाचक | १५ जानेवारी, सकाळी ८.४१

सहा आठवडे होत आले म्हणून आठवण करून द्यायला आलो होतो. अठरा-एकोणीस नर म्हणालात ना?

---

ओतूरचा_गडी | १५ जानेवारी, सकाळी ८.५०

आईला विचारून सांगतो. तिने सहा जणांची नावं ठेवलीत.